डोळे चोळणारा हात आणि मेडिकलमधून आणलेली बाटली

पत्र : माझा मुलगा सहा वर्षांचा आहे. चौथ्या वर्षापासून होळीच्या सुमाराला त्याचे डोळे लाल होतात आणि इतके खाजतात की तो दोन्ही मुठींनी चोळत बसतो. सकाळी डोळ्यांतून पांढरी, तारेसारखी चिकट घाण निघते. उन्हात डोळा उघडत नाही. मागच्या वर्षी मेडिकलवाल्याने एक ड्रॉप दिला आणि दोन दिवसांत डोळे स्वच्छ झाले. म्हणून मार्च ते जून आम्ही तो दिवसातून चार वेळा घातला, नंतर दिवाळीपर्यंत त्रास झाला की घालायचो. बाटलीवर क्लोरॅम्फेनिकॉल आणि डेक्सामेथासोन असे लिहिले आहे. आता डोळ्यांच्या डॉक्टरांनी ‘व्हीकेसी, म्हणजे ॲलर्जी आहे’ असे सांगून सायक्लोस्पोरिन दिले. ते घातले की पोरगं घर डोक्यावर घेतं. आठ दिवसांत काही फरक पडला नाही, म्हणून बंद केलं. शाळेच्या बाई ‘डोळे आलेत’ म्हणून घरी पाठवतात. सासूबाई म्हणतात, आंबट आणि वांगं बंद करा, काजळ घाला. घरची ज्वारी-तुरीची शेती आहे. शाळेच्या तपासणीत यंदा चष्माही लागला, पण तो घालत नाही. मुलाची दृष्टी जाईल का? हे कधी बरं होणार?
— एक आई, बार्शी तालुका

ताई,

तुमच्या सगळ्यात मोठ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. व्हीकेसी (व्हर्नल केराटोकंजंक्टिव्हायटिस, म्हणजे ॲलर्जीने डोळ्याला येणारी हंगामी सूज) नीट सांभाळली तर बहुतेक मुलांची दृष्टी शाबूत राहते, आणि वयात येता येता आजार आपोआप ओसरतो. तो साधारण दहा वर्षांच्या आत सुरू होतो, मुलींपेक्षा मुलांत जास्त दिसतो आणि चार ते दहा वर्षे टिकतो. म्हणजे तुमच्या मुलाच्या बाबतीत अजून काही उन्हाळे काढायचे आहेत. या काळात कायमचे नुकसान मुख्यतः तीन वाटांनी होते. एक, सतत चोळण्याने. दोन, डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घातलेल्या स्टिरॉइडच्या थेंबांनी. आणि तीन, बुब्बुळावर पडलेल्या जखमेकडे दुर्लक्ष झाल्याने. तिन्ही वाटा घरातून अडवता येतात. डोळे रोज पांढरेशुभ्र दिसावेत हे ध्येय ठेवू नका. थोडी लाली राहिली तरी चालेल. हात डोळ्यापासून दूर राहिला पाहिजे आणि ती बाटली घरातून गेली पाहिजे.

आधी त्या बाटलीचे बोलू, कारण ते काम याच आठवड्यात करायचे आहे.

डेक्सामेथासोन हे जोरदार स्टिरॉइड आहे. सूज आणि खाज ते झपाट्याने दाबते, म्हणूनच दोन दिवसांत जादू झाल्यासारखे वाटले. क्लोरॅम्फेनिकॉल हे जंतुनाशक. या आजारात जंतूच नसतात, त्यामुळे त्याचा इथे काही उपयोग नव्हता. स्टिरॉइड दीर्घकाळ घातल्याने डोळ्यातल्या पाण्याचा निचरा मंदावतो आणि डोळ्याचा दाब वाढतो. मुलांत हे मोठ्यांपेक्षा लवकर आणि जास्त होऊ शकते, कधी दोन-चार आठवड्यांतही. या दाबाने दृष्टीची मज्जातंतू कडेकडेने झिजते. ते दुखत नाही, डोळा लालही होत नाही. उलट स्टिरॉइड चालू असताना डोळा छान दिसतो. सहा वर्षांचे मूल ‘मला बाजूचं दिसत नाही’ असे सांगत नाही. बहुतेकांत औषध थांबवल्यावर काही आठवड्यांत दाब उतरतो, पण मज्जातंतूचे जेवढे नुकसान झाले ते भरून येत नाही. दुसरा धोका मोतीबिंदूचा, तोही याच औषधांनी लहान वयात होऊ शकतो.

म्हणून दिवाळीपासून ड्रॉप बंद आहे, एवढ्यावर समाधान मानू नका. डॉक्टरांना स्पष्ट सांगा : ‘मार्च ते जून रोज चार वेळा डेक्सामेथासोन, पुढे दिवाळीपर्यंत अधूनमधून.’ बाटली सोबत न्या. तीन गोष्टी तपासून मागा : डोळ्याचा दाब, बाहुली मोठी करून मागची मज्जातंतू, आणि मोतीबिंदूसाठी डोळ्यातले भिंग. दाब साधारण 10 ते 21 या दरम्यान असावा. हा आकडा पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात. हल्ली हलकेच टेकवून किंवा हवेचा झोत सोडून दाब मोजणारी यंत्रे आहेत, त्यामुळे न दुखवता लहान मुलाचाही दाब घेता येतो. जवळच्या दवाखान्यात ती सोय नसेल तर सोलापूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात नेत्रविभाग आहे, तिथे जा. दोन्ही डोळ्यांचे आकडे वहीत तारखेसह लिहून ठेवा. पुढच्या प्रत्येक डॉक्टरला त्यांचा उपयोग होईल.

याचा अर्थ स्टिरॉइड विषारी असते असा मुळीच नाही. आजार उसळला की डॉक्टर ते थोड्या दिवसांसाठी देतात, आणि द्यायलाच हवे. फरक बंधनात आहे. साधारण चित्र असे : आठवडाभर दिवसातून चार वेळा, मग दर आठवड्याला एक वेळ कमी करत बंद. फ्लुरोमेथोलोन किंवा लोटेप्रेडनॉलसारखी सौम्य औषधे शक्यतो निवडतात, कारण त्यांनी दाब तुलनेने कमी चढतो. चढतच नाही असे मात्र नाही. सुरू करण्याआधी दाब, दोन आठवड्यांनी पुन्हा दाब. उतरत्या क्रमाने बंद करायला सांगितले असेल तर मध्येच सोडू नका, नाहीतर सूज दुप्पट जोराने परत येते आणि आई-वडील घाबरून पुन्हा मेडिकलकडे वळतात. आणि गेल्या वेळची उरलेली बाटली पुढच्या वेळी काढायची नाही, मग ती कितीही भरलेली असो.

मेडिकलमधून कोणताही डोळ्याचा ड्रॉप आणलात तर खोक्यावरची बारीक अक्षरे वाचा. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल, डायफ्लुप्रेडनेट : यांपैकी एक नाव दिसले की ते स्टिरॉइड. जंतुनाशकाच्या जोडीने ते लपलेले असते, तुमच्या बाटलीत होते तसे. ही औषधे कायद्याने चिठ्ठीशिवाय द्यायची नसतात. दुकानदाराला ठामपणे सांगा : ‘स्टिरॉइड नको.’

आता सायक्लोस्पोरिन. तुम्ही ते आठ दिवसांत बंद केले हे समजण्यासारखे आहे, पण आठ दिवसांत ते काही दाखवणारच नव्हते. या औषधाचा गुण दिसायला चार ते सहा आठवडे लागतात. ते ॲलर्जी चेतवणाऱ्या पेशींना हळूहळू शांत करते आणि त्याने डोळ्याचा दाब वाढत नाही. म्हणूनच वर्षानुवर्षे चालणाऱ्या आजारात त्याला एवढी किंमत आहे. सुजलेल्या डोळ्यात ते झोंबते, सूज उतरली की झोंबणे कमी होते. डॉक्टरांना विचारा : ‘पहिले दोन-तीन आठवडे सोबत सौम्य स्टिरॉइड देऊन नंतर फक्त सायक्लोस्पोरिनवर ठेवता येईल का?’ बरेच डॉक्टर असाच पूल बांधतात, मात्र आधी दाब तपासून. सायक्लोस्पोरिनच्या दहा मिनिटे आधी कार्बॉक्सीमेथिलसेल्युलोजचा, म्हणजे कृत्रिम अश्रूंचा, थेंब घातला तर झोंबणे कमी होते. तो शक्यतो प्रिझर्वेटिव्ह नसलेला घ्या, कारण दिवसभरात अनेकदा घालताना प्रिझर्वेटिव्हच डोळ्याला खुपत राहते. इतके करूनही जमले नाही, तर टॅक्रोलिमस 0.03 टक्के मलम हा पर्याय आहे. रात्री झोपताना अर्ध्या तांदळाच्या दाण्याएवढे खालच्या पापणीत. तेही पहिले काही दिवस चरचरते. कुठले द्यायचे हे डॉक्टरांनी ठरवायचे, पण औषध उशिरा लागू पडते हे माहीत असले की तुम्ही अर्ध्यातून सोडणार नाही.

याखेरीज खाजेवर ओलोपॅटाडिन असते, 0.1 टक्के असेल तर दिवसातून दोन वेळा. हे खाज सुटल्यावर घालण्यापेक्षा हंगामाच्या आधी दोन ते चार आठवडे सुरू केलेले बरे. तुमच्या मुलाचा त्रास होळीला सुरू होतो, म्हणजे माघातच डॉक्टरांना भेटून विचारा : ‘यंदा कधीपासून सुरू करू?’ पुढचे चार महिने सोपे जातात ते या एका भेटीने.

थेंब घालण्याची पद्धत मात्र सविस्तर सांगतो, कारण बहुतेक घरांत औषध बरोबर असते आणि घालणे चुकते.

हात साबणाने धुवा. मुलाला मांडीवर किंवा गादीवर उताणे झोपवा, डोके थोडे मागे. बाटलीवर ‘हलवून वापरा’ असे लिहिले असेल तर आधी नीट हलवा, नाहीतर औषध तळाशी बसते आणि वर नुसते पाणी पडते. खालची पापणी बोटाने हलकेच खाली ओढा, खाच तयार होते. एकच थेंब त्या खाचेत. थेट बुब्बुळावर नको, तिथेच मूल दचकते. बाटलीचे टोक पापणीला, केसांना किंवा बोटाला लागू देऊ नका. मूल डोळे घट्ट मिटत असेल तर झगडू नका. मिटलेल्या डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात थेंब ठेवा आणि ‘आता डोळे उघड’ म्हणा. उघडल्यावर थेंब आपोआप आत उतरतो. मग डोळा शांत मिटून त्याच कोपऱ्यावर नाकाच्या हाडाशी बोटाने एक मिनिट हलका दाब. तिथून औषध नाकात आणि घशात जाते. दाबल्याने ते डोळ्यात राहते, कडू लागत नाही आणि अंगात कमी भिनते. एकाहून जास्त औषधे असतील तर दोन थेंबांमध्ये किमान पाच मिनिटे, आणि मलम सगळ्यात शेवटी. आधी मलम लावले तर त्याच्या तेलकट थरावरून थेंब ओघळून जातो.

दोन-तीन थेंब घातल्याने जास्त गुण येत नाही. डोळ्यात एक थेंबही पुरता मावत नाही. पाच मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे शंभर थेंब असतात. दोन्ही डोळ्यांत दिवसातून दोन वेळा म्हणजे चार थेंब, बाटली पंचवीस दिवस पुरली पाहिजे. ती दहा दिवसांत संपत असेल तर अर्धे औषध गालावर जात आहे. उघडल्याची तारीख पेनाने बाटलीवर लिहा आणि खोक्यावर वेगळी मुदत दिलेली नसेल तर चार आठवड्यांनी फेकून द्या.

दोन माणसांनी हातपाय धरून थेंब घालणे शक्य तेवढे टाळा. एकदा धरले की पुढची दोन वर्षे धरावे लागते. वेळ ठरलेली ठेवा, उदाहरणार्थ दात घासल्यावर. मोजणी त्यालाच करू द्या. एकदा रिकाम्या, धुतलेल्या बाटलीतून तुमच्या डोळ्यात त्याला स्वच्छ उकळून गार केलेल्या पाण्याचा थेंब टाकू द्या. आपल्या हातात काहीतरी आहे असे वाटले की मूल लवकर तयार होते. थेंब झाल्यावर लगेच गोष्ट किंवा आवडीचे काहीतरी. कबूल केले असेल तर ते टाळू नका.

चोळण्याकडे वळतो. खाज येते म्हणून मूल चोळते, चोळल्याने डोळ्यातल्या ॲलर्जीच्या पेशी फुटून आणखी हिस्टामिन, म्हणजे खाज आणणारे द्रव्य, सुटते, आणि खाज वाढते. शिवाय मुठीच्या सांध्यांचा दाब थेट कॉर्नियावर येतो. कॉर्निया म्हणजे बुब्बुळावरचा पारदर्शक पडदा. काही मुलांत तो वर्षानुवर्षे चोळल्याने पातळ होऊन पुढे कोनासारखा फुगतो, त्याला केराटोकोनस म्हणतात. ‘चोळू नकोस’ असे शंभरदा ओरडून खाज थांबत नाही, मूल लपून चोळते. हाताला दुसरे काम द्या. स्वच्छ सुती रुमाल उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवून डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवा. खाज सुटली की मिटलेल्या डोळ्यांवर पाच ते दहा मिनिटे ठेवायचा. दिवसातून तीन-चार वेळा सहज चालते. बर्फ थेट कातडीवर नको. कार्बॉक्सीमेथिलसेल्युलोजची बाटली फ्रीजच्या दारात ठेवली तर गार थेंबानेच खाज बरीच उतरते. शाळेत असताना हात डोळ्याकडे गेला की तोंड धुवून येण्याची परवानगी बाईंकडून घेऊन ठेवा. नखे दर आठवड्याला कापा. झोपेत चोळत असेल तर डॉक्टरांना सांगा, रात्रीसाठी ॲलर्जीचे सिरप देता येते. सकाळी डोळ्यातली तार ओढून काढू नका, ओल्या कापसाने आतल्या कोपऱ्याकडून बाहेर एकदा पुसा आणि कापूस टाकून द्या.

चष्म्याचा विषय इथेच येतो. त्याचा नंबर सिलिंड्रिकल (तिरका नंबर) आहे का आणि तो दर सहा महिन्यांनी वाढतो का, हे पाहा. वाढत असेल तर कॉर्नियाचा नकाशा काढायला सांगा, त्याला टोपोग्राफी म्हणतात. केराटोकोनस लवकर सापडला तर कॉर्निया घट्ट करण्याचे उपचार आहेत, उशिरा सापडला तर पर्याय कमी होतात. चष्मा न घालण्याचे कारणही शोधा. नाकावरून घसरतो का, कानामागे टोचतो का, काच नेहमी बोटांच्या ठशांनी माखलेली असते का? या वयात नंबर असून चष्मा न घातल्यास डोळा आळशी पडू शकतो. शिवाय चष्मा धूळ-वारा अडवतो आणि मुठीच्या वाटेत येतो, म्हणून तुमच्या मुलाला त्याचा दुहेरी फायदा आहे.

शेतीचे घर आहे, त्यामुळे धूळ शून्य होणार नाही आणि तसा हट्टही धरू नका. पण माघ-फाल्गुनात ज्वारीची रास चालू असताना, तुरीची मळणी होताना, कडबा रचताना मुलाला त्या दिवशी खळ्यावर नेऊ नका. हवेत भुसा तरंगत असतो. तुम्ही शेतातून आल्यावर कपडे बदलून मग त्याला जवळ घ्या. त्याला गाडीवर पुढे टाकीवर बसवत असाल तर आजपासून बंद करा, वारा आणि धूळ सरळ तोंडावर येते. मागे दोघांच्या मध्ये, डोळ्यांना कडेने झाकणारा साधा प्लास्टिकचा गॉगल आणि पुढे चोच असलेली टोपी. पंखा किंवा कूलरचा झोत तोंडावर नको. झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा, निदान तो घरात असताना. उशीचा अभ्रा आठवड्यातून एकदा गरम पाण्यात धुवा. संध्याकाळी बाहेरून आला की तोंड, हात आणि भुवया पाण्याने धुवायच्या, केसांवर धूळ असेल तर झोपण्याआधी अंघोळ. डासांची कॉइल आणि अगरबत्ती त्याच्या खोलीत नको, चूल असेल तर धूर बाहेर जाण्याची वाट करा. पावसाळ्यानंतर बांधावर गाजरगवत फुलते. ते फुलण्याआधी उपटलेले बरे, आणि ते काम मोठ्यांनी हातमोजे घालून करावे. होळीला कोरडे रंग नकोत.

सासूबाईंच्या काळजीचा मान राखून सांगा : हा आजार आंबटाने किंवा वांग्याने होत नाही. दही, लिंबू, आंबा बंद केल्याने डोळा बरा होणार नाही, वाढीच्या वयातल्या मुलाचे खाणे मात्र कमी होईल. एखादा पदार्थ खाल्ल्यावर अंगावर गांधी उठत असतील तर गोष्ट वेगळी, ते डॉक्टरांना सांगा. काजळ आणि सुरमा नकोच. त्यात शिसे असू शकते आणि बोटाची घाण डोळ्यात जाते. गुलाबपाणी, मध, तुरटीचे पाणी, एरंडेल : डोळ्यात काहीही नको. त्यांना एक काम द्या, गार रुमालाची जबाबदारी. आजीने प्रेमाने डोळ्यांवर ठेवलेला ओला रुमाल हे खरोखरच औषध आहे.

शाळेसाठी डॉक्टरांकडून दोन ओळींची चिठ्ठी घ्या : हा ॲलर्जीचा आजार आहे, संसर्गजन्य नाही, मुलाला वर्गात बसू द्यावे. बाईंना फरकही समजावून सांगा. साथीचे डोळे बहुधा आधी एका डोळ्यात येतात, मग दुसऱ्यात, आणि एक-दोन आठवड्यांत बरे होतात. ॲलर्जीत दोन्ही डोळे, जोरदार खाज, पांढरी तार, आणि दरवर्षी तोच हंगाम. खिडकीतून ऊन थेट तोंडावर येणार नाही अशी जागा आणि दुपारच्या खेळाच्या तासाला टोपी, एवढे मागा. खेळ बंद करू नका. तरीही साथ चालू असताना डोळ्यातून पिवळा पू आला तर व्हीकेसीच असेल असे गृहीत धरू नका, दाखवा.

शेवटी, कधी थांबायचे नाही ते. या आजारात वरच्या पापणीच्या आत गाठींसारखे उंचवटे येतात. ते आणि सुजेतून सुटणारी द्रव्ये मिळून कॉर्नियावर जखम करू शकतात. मुलाने एक डोळा उघडायचाच सोडला, खाजेऐवजी दुखते म्हणाला, बुब्बुळावर पांढरा ठिपका दिसला, किंवा एक डोळा झाकल्यावर दुसऱ्याने अंधुक दिसते म्हणाला, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. रविवार असला तरी. वाटेत कुठलाही ड्रॉप घालू नका. दर रविवारी सकाळी उजेडात, एकेक डोळा तळहाताने झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरचे आकडे त्याच अंतरावरून वाचून घ्या. एका डोळ्याने मागच्या आठवड्याइतके वाचता आले नाही तर त्याच दिवशी दवाखाना.